लाल आणि पांढरी : युरोपीय वाईनची पारख

लाल वाईन काळ्या द्राक्षांच्या रसाची आणि पांढरी वाईन पांढऱ्या द्राक्षांच्या रसाची, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. काळ्या द्राक्षाचा मणी सोलून पाहिल्यास आतला गर आणि रस बहुतेक जातींत रंगहीनच असतो. रंग असतो तो सालीत. काळी द्राक्षे तोडल्याबरोबर हलक्या दाबाने पिळली आणि साल लगेच बाजूला केली, तर त्यांच्यापासून पांढरी वाईन तयार होते. फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतात पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून फिकट, फेसाळ वाईन दीर्घकाळ होत आली आहे. तेव्हा लाल आणि पांढऱ्या वाईनमधील भेद मुळात रसाचा नसून सालीचा आहे. या दोहोंची चव घेऊन तुलना करावयाची असेल, तर आरंभ येथूनच करणे सोयीचे ठरते.

साल आणि रस

लाल वाईन करताना द्राक्षे चुरडून साल, बिया आणि रस एकत्रच आंबवतात. यीस्ट द्राक्षातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करीत असते, आणि त्याच काळात सालीतील रंगद्रव्ये व टॅनिन ही तुरट द्रव्ये रसात उतरतात. त्यासाठी काहीशी उष्णता लागते. साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियस. पांढऱ्या वाईनमध्ये क्रम उलटा असतो. द्राक्षे आधी पिळतात, चोथा वेगळा काढतात आणि निव्वळ रस १२ ते १८ अंशांच्या गारव्यात सावकाश आंबवतात. उष्णतेत उडून जाणारे फळांचे व फुलांचे नाजूक गंध त्यामुळे टिकून राहतात.

यानंतर एक दुसरी प्रक्रिया घडते किंवा घडू दिली जात नाही. द्राक्षातील मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल, जिवाणूंच्या साहाय्याने सौम्य लॅक्टिक आम्लात बदलते. लॅक्टिक आम्ल हे दह्यातील आम्ल होय. जवळजवळ सर्व लाल वाईनमध्ये हा बदल होऊ देतात. पांढऱ्यांपैकी बर्गंडीच्या वाईनमध्ये तो होतो, तर जर्मनीच्या रीस्लिंगमध्ये सहसा टाळला जातो. काही पांढऱ्या वाईनना येणारा लोण्याचा गंध याच प्रक्रियेत निर्माण होणाऱ्या डायअसिटिल या द्रव्याचा असतो.

लाल आणि पांढरी द्राक्षे एकमेकांपासून फार दूरची नाहीत, हेही विज्ञानाने दाखवून दिले आहे. बोर्दोचे प्रसिद्ध काळे द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां हे काळे आणि सोव्हिन्यों ब्लां हे पांढरे द्राक्ष यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले, असे १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. दोन वर्षांनी शार्दोनेचे कूळ उलगडले. हे पांढरे द्राक्ष पिनो आणि ग्वे ब्लां या आता जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या जातीचे अपत्य निघाले. बर्गंडीच्या टेकड्यांवर शेजारी शेजारी वाढणारी काळी पिनो न्वार आणि पांढरी शार्दोने ही एकाच घरातील माणसे आहेत.

जिभेची भाषा

वाईनविषयीचे लेखन वाचणाऱ्या मराठी वाचकाला तेथील उपमा अडवतात. काळा मनुका-बेरी, गूजबेरी, सीडार लाकूड, ओले स्लेट यांपैकी बहुतेक वस्तू आपल्या घरात नसतात. तथापि लाल आणि पांढऱ्या वाईनमधला सर्वांत मोठा फरक सांगणारा शब्द मराठीत प्रत्येक बालकाला ठाऊक असतो. तो शब्द म्हणजे तुरट. जांभूळ, आवळा, कच्चे केळ, सुपारी, बिनदुधाचा कडक चहा यांनी तोंडाला जे होते, तेच टॅनिनमुळे होते. आयुर्वेदाने सांगितलेल्या मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाचे स्थान आहे. (या यादीत कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, हे मराठी वाचकाला थोडे उलटे वाटते.) आधुनिक शरीरशास्त्र मात्र तुरटपणाला चव न मानता मुख्यतः स्पर्शाची जाणीव मानते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ व हिरड्या एकमेकींवर घासल्यासारख्या वाटतात. चहात दूध घातल्याने तुरटपणा उतरतो, कारण टॅनिनला दुधातील प्रथिने सापडतात. लाल वाईनबरोबर मांस किंवा चीज खाण्याच्या युरोपीय प्रथेमागेही बव्हंशी हेच कारण आहे.

पांढऱ्या वाईनचा कणा आंबटपणा हा असतो. आंबट पदार्थाने लाळ सुटते, तर तुरट पदार्थाने ती आटल्यासारखी वाटते. म्हणून घोट घेतल्यावर काही क्षण थांबून तोंडाला पाणी सुटले की तोंड कोरडे पडले, एवढेच पाहावे. नवख्या माणसाला गंधांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा ही एक कसोटी अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्थात दोन्ही गोष्टी एकाच घोटात घडू शकतात. उत्तर इटलीतील बारोलोचा घोट प्रथम पाणी सुटवतो आणि मग तोंड कोरडे करतो.

चव घेण्याची रीत

पेला तळाशी रुंद आणि ओठाशी निमुळता असावा, म्हणजे गंध आत कोंडून राहतो. चव घेण्याच्या पेल्याचा आकार १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनही निश्चित करण्यात आला. पेला एक-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. प्रथम पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा. लाल वाईन वयाबरोबर जांभळ्याकडून विटकरी रंगाकडे झुकते आणि फिकी पडते. पांढरी मात्र वयाबरोबर गडद, सोनेरी होत जाते. मग पेला न हलवता एकदा आणि हलवून एकदा वास घ्यावा. शेवटी घोट तोंडात सर्वत्र फिरवून थोडी हवा आत ओढावी, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग घशामागून नाकाकडे जाणारा गंधच असतो. सर्दी झालेल्या माणसाला अन्न बेचव का लागते, हे येथे आठवावे.

तापमानाविषयी एक इशारा आवश्यक आहे. लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा नियम युरोपातील जुन्या दगडी घरांतील खोल्यांसाठी होता. चेन्नई किंवा नागपूरच्या खोल्यांसाठी नव्हे. भरदार लाल वाईन १६ ते १८ अंशांवर, हलकी लाल वाईन १२ ते १४ अंशांवर आणि पांढरी ८ ते १२ अंशांवर चांगली कळते. फार गार केल्यास लाल वाईनचा तुरटपणा बोचतो व गंध मिटतो. ३० अंशांवर तिच्यातील मद्यार्कच तेवढा नाकात चढतो.

क्रम पांढरीकडून लालकडे, कोरडीकडून गोडकडे असा ठेवतात. कोरडी या शब्दाचा अर्थ येथे साखर न उरलेली, एवढाच आहे. व्यावसायिक परीक्षक एका सकाळी अनेक वाईन चाखतात, पण गिळत नाहीत. प्रत्येकाजवळ पीकदाणीसारखे भांडे असते. हा शिष्टाचाराचा भंग समजला जात नाही. लाल वाईन हृदयाला हितकर असल्याचा जो गवगवा १९९० च्या दशकात झाला, त्याच्या पार्श्वभूमीवर हेही सांगणे भाग आहे की, मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली.

एक बदलावे, बाकी स्थिर ठेवावे

कोणतीही लाल आणि कोणतीही पांढरी वाईन शेजारी ठेवून केलेल्या तुलनेतून फारसे हाती लागत नाही. प्रदेश, द्राक्ष, हंगाम, वय आणि पिंप हे सारेच वेगळे असल्यास फरक कशामुळे पडला ते कळत नाही. यासाठी बर्गंडीसारखी दुसरी शाळा नाही. तेथील कोत दोर हा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा अरुंद पट्टा आहे. त्यात लाल वाईनसाठी प्रामुख्याने पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने या दोनच जाती लावतात. शास्साञ-मोंत्राशेसारख्या गावी दोन्ही प्रकार होतात. एकाच गावची, एकाच वर्षाची लाल आणि पांढरी वाईन समोर ठेवली, तर साल किती बोलते ते ऐकू येते. येथील शेताशेताला स्वतंत्र नाव व सीमा आहे. या शेतांना क्लिमा म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

आता द्राक्ष तेच ठेवून गाव बदलावे. कोत दोरच्या वायव्येस शाब्ली हे थंड हवेचे गाव आहे. तेथील शार्दोने पुष्कळदा पोलादी टाक्यांत वाढते. तिची चव ताठ, आंबट, लिंबाच्या सालीची आठवण देणारी असते. म्यूर्सो गावची शार्दोने ओक लाकडाच्या पिंपात राहते आणि तिच्यात लोणी, भाजलेले बदाम, किंचित व्हॅनिला यांचा गंध येतो. शाब्लीच्या चुनखडीत इवल्या शिंपल्यांचे जीवाश्म विपुल आहेत. त्यावरून ही वाईन शिंपल्यांच्या चवीची असल्याचे कौतुकाने सांगितले जाते. खडकातील खनिजे मुळांवाटे जशीच्या तशी पेल्यात उतरतात, ही कल्पना मात्र भूवैज्ञानिकांना मान्य नाही. जमिनीचा परिणाम होतो, पण तो पाण्याचा निचरा आणि उष्णता यांच्या द्वारे.

जर्मनीतील मोझेल नदीच्या काठी, काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक चढाच्या स्लेटच्या उतारांवर, रीस्लिंग पिकते. या पांढऱ्या वाईनमध्ये मद्यार्क कधी कधी जेमतेम ८ टक्के असतो, साखर बरीच उरलेली असते आणि तरीही ती गुळमट लागत नाही, कारण आंबटपणा साखरेला तोलून धरतो. कैरीच्या पन्ह्यात गूळ किती घालावा याचा अंदाज असलेल्या माणसाला हा तोल समजावून सांगावा लागणार नाही. जुन्या रीस्लिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो आणि जाणकार त्याला दोष मानीत नाहीत.

लाल वाईनच्या बाबतीत डोळ्यांवर किती विसंबावे, हे बारोलो शिकवते. नेब्बिओलो द्राक्षाची ही वाईन पेल्यात फिकी, विटकरी झाक असलेली दिसते आणि पाहणारा ती सौम्य असेल असे समजतो. प्रत्यक्षात तिचा तुरटपणा युरोपातील सर्वांत कणखर तुरटपणांपैकी एक आहे. कायद्याने ती विकण्यापूर्वी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडात. याउलट फ्रान्समधील बोजोलेची गामे द्राक्षाची तरुण वाईन चमकदार जांभळी दिसते, पण तुरटपणा बेताचाच. ती थोडी गार करून पितात. रंगाची गडदता आणि तुरटपणाची मात्रा यांचे गणित असे नेहमी जुळत नाही.

आणि साल पांढऱ्या द्राक्षाचीच रसात ठेवली तर? इटलीच्या ईशान्य सीमेवरील ओस्लाव्हिया गावी रिबोल्ला हे पांढरे द्राक्ष सालीसकट आंबवतात. कॉकेशसमधील जॉर्जिया देशात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत ही रीत फार जुन्या काळापासून चालत आली आहे. तयार होणारी वाईन नारिंगी रंगाची आणि चक्क तुरट असते. डोळे मिटून प्यायल्यास अनेकजण तिला लाल म्हणतील.

दर्जा कोण ठरवतो

युरोपातील दर्जाच्या पद्धती एकसारख्या नाहीत. बोर्दोची प्रसिद्ध क्रमवारी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून लावली. चव घेण्याचा सोहळा त्यासाठी झालाच नाही. लाल वाईनच्या पहिल्या वर्गात तेव्हा लाफीत, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियों ही चार नावे होती. (मराठवाड्यातील लातूरशी या नावाचा संबंध नाही, फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे बुरूज.) पांढऱ्यांपैकी सोतेर्न आणि बार्साकच्या गोड वाईनच तेवढ्या क्रमवारीत आल्या, कोरड्या पांढऱ्या वाईनची दखलही घेतली गेली नाही. पहिल्या वर्गात त्यानंतर एकच बढती झाली, १९७३ मध्ये मुतों रोथशिल्डची. जर्मनीत १९७१ च्या कायद्याने द्राक्षरसातील साखरेवरून पायऱ्या ठरवल्या, तर स्पेनच्या रिओहात मुरवण्याच्या कालावधीवरून नावे दिली जातात. भाव, साखर, काळ असे तीन देशांत तीन मापदंड आहेत, आणि यांपैकी एकही जिभेचा नाही.

जिभेची मोठी परीक्षा २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाली. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने बर्गंडीच्या ४ पांढऱ्या आणि बोर्दोच्या ४ लाल वाईन कॅलिफोर्नियाच्या प्रत्येकी ६ वाईनबरोबर, नावे झाकून, ९ नामांकित फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवल्या. दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. पांढऱ्यांत शातो माँतेलेना आणि लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ च्या हंगामातील. एका परीक्षिकेने आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या, यावरून धक्का किती बसला असेल ते दिसते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र या निकालाचा फार डांगोरा पिटण्यात अर्थ नव्हता. लाल गटातील पहिल्या दोन वाईनमध्ये अंतर अगदी थोडे होते आणि परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत होती. सिद्ध झाले ते एवढेच की, चिठ्ठी झाकली की जुनी क्रमवारी टिकेलच असे नाही.

डोळ्यांची फसवणूक

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बोर्दोतील वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना प्रथम एक पांढरी व एक लाल वाईन देऊन त्यांच्या गंधाचे वर्णन करण्यास सांगण्यात आले. पुढच्या बैठकीत पांढरी वाईन आणि तीच वाईन द्राक्षातील गंधहीन रंगद्रव्याने लाल करून देण्यात आली. लाल दिसणाऱ्या पेल्यासाठी विद्यार्थ्यांनी बहुतेक लाल वाईनचेच शब्द निवडले. तज्ज्ञांना लाल-पांढरी ओळखता येत नाही, अशा रूपात ही हकिगत जगभर फिरली. पण तो अर्थ बरोबर नाही. हे विद्यार्थी होते, प्रश्न गंधाचा होता, आणि प्रत्येक शब्द दोन पेल्यांपैकी एकाला लावणे त्यांना बंधनकारक होते. नाकाने घेतलेला गंध शब्दांत आणण्यापूर्वी मेंदू डोळ्यांचा सल्ला घेतो, एवढा त्याचा नेमका अर्थ आहे. किमतीचाही तसाच परिणाम होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीच वाईन महाग म्हणून दिल्यावर ती अधिक आवडल्याचे लोकांनी सांगितले आणि सुखाची जाणीव नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागातही त्या वेळी अधिक हालचाल दिसली.

जिभेला काही गोष्टी कळतच नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९८५ मध्ये ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी पांढऱ्या वाईनला गोडी व दाटपणा यावा म्हणून डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळल्याचे उघड झाले. ही लबाडी पकडली ती प्रयोगशाळेने. पुढच्याच वर्षी इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाईनने वीसहून अधिक बळी घेतले. दोन्ही देशांतील कायदे त्यानंतर कडक झाले. शुद्धतेची हमी प्रयोगशाळेकडून घ्यावी. जिभेकडे फक्त आवडीनिवडीचा आणि तुलनेचा अधिकार आहे.

नाशिक, गोवा आणि घरची चाचणी

नाशिक परिसरात वाईनसाठी लावल्या जाणाऱ्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती फ्रान्समधील लुआर खोऱ्यात नावारूपाला आलेल्या आहेत. लुआरमध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिकला त्याच सुमारास फळछाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. सांसेरची सोव्हिन्यों आणि नाशिकची सोव्हिन्यों शेजारी ठेवल्यास, पहिलीतला कापलेल्या गवताचा हिरवा गंध दुसरीत उतरलेला आढळण्याचा संभव असतो, कारण तो गंध देणारी द्रव्ये ऊन-उष्णतेत कमी होतात. गोव्यात पोर्ट या नावाने विकली जाणारी गोड लाल वाईन पुष्कळांची पहिली वाईन असते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील पोर्ट ही वेगळी वस्तू आहे. तिथे आंबण्याची क्रिया चालू असतानाच द्राक्षाचा स्पिरिट घालून ती थांबवतात; म्हणून साखर उरते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. या खोऱ्याच्या सीमा १७५६ मध्येच सरकारी हुकमाने आखल्या गेल्या होत्या.

स्वतःची पारख तपासण्यासाठी तीन पेल्यांची चाचणी पुरेशी आहे. दोन वाईन निवडून एक दोन पेल्यांत आणि दुसरी एका पेल्यात, दुसऱ्या कोणाकडून ओतवून घ्यावी. लाल-पांढरीची तुलना असेल तर पेले बाहेरून काळ्या कागदाने गुंडाळावेत, डोळे बांधावेत आणि तिन्ही पेले एकाच तापमानाला, १४ अंशांच्या आसपास आणावेत. अन्यथा गारव्यावरूनच उत्तर कळेल. वेगळा पेला कोणता ते सांगायचे. निव्वळ अंदाजाने तिनात एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका यशावर विसंबू नये. पेले बदलून सहा वेळा चाचणी घ्यावी. सहापैकी पाच वेळा उत्तर बरोबर आल्यास ते योगायोगाने आले असण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी असते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाण्याने चूळ भरावी, आणि लाल वाईननंतर थोडा पाव खाऊन मिनिटभर थांबावे, कारण तुरटपणा घोटागणिक साचत जातो.